यजमानांचा खेळ

परदेशी गेलेल्या माणसाला काम मिळते, डोक्यावर छप्पर मिळते, रविवारच्या मिस्साबलिदानासाठी जवळचे चर्चही सापडते. मित्र मात्र इतक्या सहजी सापडत नाही. कामासाठी अर्ज करता येतो, खोलीसाठी भाडे भरता येते. पण ‘मला आपला मित्र करून घ्या’ असा अर्ज कोणाच्या दारी नेऊन द्यावयाचा? आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरांतील मुले, मुली आणि जावई आज परदेशी आहेत. पगार, हवामान, प्रकृती यांविषयी सारे बोलून झाले की आई हळूच विचारते, “तिथे तुझं कोणी आहे का रे?” या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हसण्यावारी जाते.

परक्या मुलखात माणसे जोडण्याचा एक जुना मार्ग म्हणजे तेथील मैदान. ‘खेळाने मैत्री जुळते’ हे वाक्य शाळांच्या भिंतींवर आपण पुष्कळदा वाचले आहे. ते खरे केव्हा ठरते आणि खोटे केव्हा, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तो करावयाचा तर स्कॉटलंडमध्ये गेलेल्या आयरिश कॅथलिकांच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण दुसरे मिळणे कठीण. या इतिहासाच्या प्रारंभी एक धर्मगुरू आणि एक व्रतस्थ बंधू उभे आहेत, म्हणून आम्हांला तो अधिक जवळचा वाटतो. परंतु तो आपल्याला केवळ अभिमान वाटावा असा इतिहास नाही. त्यात लाज वाटावी अशीही काही पाने आहेत, आणि ती वगळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

दुष्काळाची लेकरे

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत देश उद्ध्वस्त झाला. गोरगरिबांचे सारे अन्न त्या एका पिकावर अवलंबून होते. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीच्या रोगांनी मेली, आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. ज्यांना अमेरिकेचे भाडे परवडत नव्हते त्यांच्यापैकी अनेकांनी अरुंद समुद्र ओलांडून स्कॉटलंडचा किनारा गाठला. १८५१ च्या शिरगणतीत ग्लासगो शहरातील सुमारे १८ टक्के रहिवासी आयर्लंडमध्ये जन्मलेले होते.

ही माणसे गोदीत, कोळशाच्या खाणींत, लोहमार्गांच्या कामावर राबली. त्यांची भाषा, त्यांचा पेहराव, त्यांचे दारिद्र्य आणि विशेषतः त्यांचा धर्म यजमानांच्या डोळ्यांत सलत होता. स्कॉटलंड हा कडव्या प्रेस्बिटेरियन पंथाचा देश. एडिंबरोच्या जुन्या शहरातील काउगेट या कोंदट गल्लीत आयरिश लोकांची इतकी दाटी झाली की त्या भागाला ‘छोटे आयर्लंड’ असे नाव पडले. शेजारच्या मोहल्ल्यातील स्कॉट माणूस आणि काउगेटमधील आयरिश माणूस एकाच कारखान्यात काम करीत. परंतु भोंगा वाजला की दोघांच्या वाटा वेगळ्या होत. एकाच शहरात राहूनही त्यांची भेट होत नसे.

कोणाचा खेळ खेळावा?

काउगेटजवळच्या सेंट पॅट्रिक चर्चमध्ये फादर एडवर्ड हॅनन हे धर्मगुरू सेवा करीत होते. ते लिमरिक परगण्यातील बॅलिंगॅरीचे. पुढे त्यांना कॅनन हा सन्मान मिळाला. त्यांनी धर्मग्रामात कॅथलिक तरुण मंडळाची शाखा चालविली होती. वाचन, प्रवचने, दारूबंदीचा प्रचार असे तिचे कार्यक्रम असत. परंतु दिवसभर राबून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांचे पाय केवळ प्रवचनांनी घरात कसे राहणार? ६ ऑगस्ट १८७५ रोजी या मंडळातून एक फुटबॉल क्लब उभा राहिला. आयर्लंडच्या प्राचीन लॅटिन नावावरून त्याला हायबर्नियन असे नाव देण्यात आले. मायकेल व्हेलॅहन हा त्याचा पहिला कर्णधार.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. आयरिश लोकांचे स्वतःचे खेळ होते. काठीने चेंडू टोलविण्याचा हर्लिंग हा त्यांचा प्राचीन खेळ. पुढे १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथे त्या देशी खेळांच्या रक्षणासाठी गेलिक क्रीडासंघटना स्थापन झाली, आणि परकीय खेळ खेळणाऱ्यांना त्या संघटनेची दारे बंद झाली. ती बंदी थेट १९७१ साली उठली. स्वदेशात, परक्यांच्या सत्तेखाली राहणाऱ्यांना असे करावेसे वाटले, यात नवल नाही. परंतु काउगेटमधील मुले परदेशात होती. त्यांनी हर्लिंगच्या काठ्या हाती घेतल्या असत्या तर ती आपापसांतच खेळत राहिली असती. गल्लीबाहेरचा कोणीही त्यांच्याशी खेळावयास आला नसता, कारण तो खेळ कोणाला येतच नव्हता. त्यांनी फुटबॉल निवडला. तो यजमानांचा खेळ होता, आणि एडिंबरोच्या तरुणांना त्याचे वेड नुकतेच लागत होते.

तरीही या मुलांनी आपली ओळख पुसून टाकली नाही. त्यांच्या अंगरख्यावर आयर्लंडची वीणा होती आणि ‘आयर्लंड चिरंतन राहो’ अशा अर्थाची आयरिश घोषणा होती. खेळ यजमानांचा आणि रंग आपले, असा तो मेळ होता. परदेशी राहणाऱ्याने किती बदलावे आणि किती राखावे, या अवघड प्रश्नाला त्या मुलांनी दिलेले हे उत्तर आम्हांला फार समंजस वाटते.

नाताळचा सामना

यजमानांनी प्रथम दार लावून घेतले. फुटबॉल संघटनेने या क्लबला प्रवेश नाकारला. हा खेळ स्कॉट लोकांचा आहे, आयरिश लोकांचा नव्हे, असा त्या नकाराचा आशय होता. संघटनेत नाव नाही म्हणजे सामना नाही, आणि सामना नाही म्हणजे खेळ नाही. एकट्याला चेंडू लाथाडता येतो. सामना खेळावयाचा तर समोर कोणी तरी उभे राहावे लागते.

ते उभे राहिले. एडिंबरोतीलच हार्ट ऑफ मिडलोथियन या क्लबच्या खेळाडूंनी हायबर्नियनशी खेळावयाचे ठरविले, आणि २५ डिसेंबर १८७५ रोजी मेडोज नावाच्या सार्वजनिक मैदानावर सामना झाला. त्या काळी स्कॉटलंडमध्ये नाताळ हा सणाचा दिवस मानला जात नसे. तेथे नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. म्हणजे एका संघासाठी तो प्रभुजन्माचा महान सण होता, आणि दुसऱ्यासाठी एक साधा शनिवार! आयरिश मुले तो सामना एका गोलने हरली. परंतु ती हार त्यांना किती मोलाची ठरली! पुढच्याच वर्षी संघटनेची दारे त्यांना उघडली.

या घटनेत आम्हांला प्रतिस्पर्ध्याचे थोरपण दिसते. मैत्रीचा पहिला हात आपल्याच बाजूच्या माणसाने पुढे करावा, अशी आपली अपेक्षा असते. मैदानावर तो समोरच्या बाजूने येतो. जो आपल्याविरुद्ध खेळावयास तयार होतो त्याने आपल्याला बरोबरीचे मानले, एवढे तर नक्कीच सिद्ध होते. हार्ट्स आणि हायबर्नियन यांची चुरस आज दीडशे वर्षे टिकून आहे. तिचा आरंभ एका स्वीकारातून झाला, ही गोष्ट विसरता कामा नये.

दाराची कडी

आता आपल्याच बाजूची उणीव सांगावयास हवी. हायबर्नियनमधून खेळण्यासाठी कॅथलिक तरुण मंडळाचा सभासद असणे आवश्यक होते. अर्थात तो कॅथलिक असला पाहिजे, आणि धर्माचरण करणाराही असला पाहिजे. फादर हॅनन यांचा हेतू शुद्ध होता. मुले दारूपासून दूर राहावीत, संस्कार चुकवू नयेत, एवढेच त्यांना पाहिजे होते. परंतु या नियमाचा परिणाम असा झाला की ही मुले स्कॉट मुलांविरुद्ध खेळत, स्कॉट मुलांबरोबर मात्र कधीच नाही. नव्वद मिनिटांची भेट होई. पण सरावाला एकत्र येणे, एकाच घमेल्यातले पाणी पिणे, जखमेला एकमेकांनी पट्टी बांधणे, या गोष्टींतून जे साहचर्य निर्माण होते त्याला वाव राहिला नाही.

क्लबची कीर्ती वाढत गेली. १२ फेब्रुवारी १८८७ रोजी ग्लासगो येथे डम्बार्टन संघाला २-१ असे हरवून हायबर्नियनने स्कॉटिश करंडक जिंकला. काउगेटच्या कोंदट गल्लीतील पोरांनी साऱ्या देशाचा करंडक उचलला! परंतु चारच वर्षांत, १८९१ च्या सुमारास, हा क्लब बंद पडला. त्याच वर्षी कॅनन हॅनन निवर्तले. क्लब बुडण्याची कारणे अनेक होती. उत्तम खेळाडू ग्लासगोला गेले होते, पैसा संपला होता, मैदानही हातचे गेले होते. १८९२-९३ मध्ये काही निष्ठावंतांनी त्याला पुन्हा उभे केले तेव्हा जुना नियम त्यांनी बाजूला ठेवला. क्लबचे दार सर्वांना उघडे झाले, आणि तो क्लब आजही खेळत आहे. नावात आयर्लंड आहे, अंगावर हिरवा रंग आहे. संघात मात्र कोणत्याही धर्माचा खेळाडू असू शकतो.

मुलांच्या ताटासाठी

हायबर्नियनचा विजय ग्लासगोच्या आयरिश वस्तीत साजरा झाला, आणि तेथे एका मारिस्ट बंधूंच्या मनात विचार आला. ब्रदर वॉलफ्रिड हे त्यांचे व्रतस्थ जीवनातील नाव. मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. १८४० साली स्लायगो परगण्यातील बॅलिमोट येथे त्यांचा जन्म झाला. दुष्काळ त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. ग्लासगोच्या पूर्व भागातील सेक्रेड हार्ट शाळेचे ते मुख्याध्यापक होते. उपाशी मूल शाळेत बसत नाही, आणि बसले तरी शिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी गरीब मुलांसाठी जेवणाची सोय केली होती. पेनी, अर्धी पेनी देऊन मुलाला गरम जेवण मिळे. मोफत न देता अल्प मोल घ्यावे, म्हणजे मुलाचा मान राहतो, हे त्यामागील तत्त्व होते.

या कामाला पैसा हवा होता. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात बैठक झाली आणि सेल्टिक हा फुटबॉल क्लब स्थापन झाला. सामन्यांच्या उत्पन्नातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखांमार्फत तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांना जेवण द्यावे, हा त्याचा जाहीर उद्देश होता. ही संस्था आपल्याही कित्येक धर्मग्रामांतून शांतपणे काम करीत असते. तिच्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानात ठेवावा.

नावाची निवड पाहण्यासारखी आहे. आयरिश आणि स्कॉट हे दोन्ही लोक प्राचीन केल्ट वंशपरंपरेशी नाते सांगतात. ‘सेल्टिक’ म्हटले की पाहुणा आणि यजमान दोघेही त्यात आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथे हायबर्नियनसारखा धर्माचा नियम ठेवण्यात आला नाही. १८९० च्या दशकात प्रॉटेस्टंट खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सूचना पुढे आली, तेव्हा सभासदांनी ती फेटाळून लावली.

२८ मे १८८८ रोजी सेल्टिकचा पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी होता रेंजर्स, ज्याच्या नावाशी पुढे सेल्टिकचे नाव हाडवैराने जोडले गेले. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. सामन्यानंतर दोन्ही संघ सेंट मेरीच्या सभागृहात एकत्र जेवावयास बसले. कॅथलिक चर्चच्या सभागृहात रेंजर्सचे खेळाडू पाहुणे म्हणून जेवले, हे पुढच्या पिढ्यांना सांगूनही खरे वाटले नसते.

या क्लबच्या कथेत सारेच सोज्वळ होते असे मात्र नाही. सेल्टिकने हायबर्नियनचे उत्तमोत्तम खेळाडू आपल्याकडे वळविले, ते काही केवळ दानधर्माच्या ओढीने आले नव्हते. यश आले तसा व्यवहार वाढला. १८९२ साली वरिष्ठांच्या आज्ञेवरून ब्रदर वॉलफ्रिड लंडनला गेले. १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी झाली आणि मुलांच्या जेवणाचा मूळ उद्देश मागे पडला. ब्रदर वॉलफ्रिड यांनी लंडनच्या गरीब वस्तीतही अनवाणी मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरविले. १९१५ साली ते प्रभुचरणी विलीन झाले.

परंतु जे पेरले होते ते काही वाया गेले नाही. विली मेली या तरुणाचेच पाहा. तो आयर्लंडमधील न्यूरी येथे जन्मला, लहानपणी स्कॉटलंडला आला, सेल्टिककडून खेळू लागला, आणि १८९३ मध्ये चक्क स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून मैदानात उतरला. पाहुण्याला यजमानांनी आपल्या घराचे नाव देऊन मैदानावर पाठविले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

प्रेक्षकांतील भिंत

येथेच हा लेख संपविता आला असता तर किती बरे झाले असते! इतिहास मात्र तसा सरळ चालत नाही. विसाव्या शतकात सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या पाठीराख्यांत धर्माची आणि वंशाची भिंत उभी राहिली. सामन्याच्या दिवशी शिव्याशाप, द्वेषाची गाणी, मारामाऱ्या ठरलेल्या. १९२३ साली तर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे आयरिश लोक हे स्कॉटिश राष्ट्रीयत्वावरील संकट आहे, अशा आशयाचा अहवाल ठेवण्यात आला. त्या चर्चने २००२ साली त्याबद्दल खेद व्यक्त केला, हेही येथे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. रेंजर्सने कॅथलिक खेळाडू न घेण्याची अलिखित प्रथा अनेक दशके पाळली. १९८९ साली मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला त्यांनी जाहीरपणे घेतले तेव्हा रेंजर्सच्या काही पाठीराख्यांनी आपले गळपट्टे जाळले, आणि सेल्टिकच्या पाठीराख्यांनी त्याला फितूर ठरविले. म्हणजे दोष एकाच बाजूला होता असे म्हणण्याची सोय नाही.

मग खेळाने मैत्री जुळते की वैर? आम्ही या इतिहासाकडे जसजसे पाहतो तसतसा एक भेद स्पष्ट होत जातो. मैत्री झाली ती खेळणाऱ्यांची. वैर वाढले ते पाहणाऱ्यांचे. खेळणाऱ्याला समोरच्याचे तोंड दिसते. त्याचा घाम, त्याची धाप, त्याची चूक आणि त्याची शर्थ दिसते. पाहणाऱ्याला केवळ रंग दिसतो.

जॉक स्टीन यांचे चरित्र या भेदावर चांगला प्रकाश टाकते. लॅनार्कशायरच्या खाणीत काम केलेला हा प्रॉटेस्टंट गृहस्थ १९५१ साली सेल्टिककडून खेळू लागला. त्याच्या घरचे रेंजर्सचे पाठीराखे. तो सेल्टिकमध्ये गेला म्हणून काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. परंतु सहकाऱ्यांनी त्याला आपला कर्णधार मानले, आणि १९६५ साली तो क्लबचा पहिला बिगरकॅथलिक व्यवस्थापक झाला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे त्याच्या संघाने इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन करंडक जिंकला. असा मान मिळविणारा तो ब्रिटनमधील पहिला क्लब. ते अकराही खेळाडू ग्लासगोच्या सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. त्यांत कॅथलिक होते, तसे प्रॉटेस्टंटही होते. दुष्काळातून आलेल्या पाहुण्यांनी बांधलेले घर अशा रीतीने साऱ्या शेजाराचे झाले.

अनवाणी पाहुणा

या घराने एकदा एका भारतीयालाही आत घेतले होते. १९३६ साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम हा खेळाडू आपल्या एका नातलगाबरोबर ग्लासगोला गेला. व्यवस्थापक होते तेच विली मेली. सलीम अनवाणी खेळत असे. बूट न घालता केवळ पायांना पट्ट्या गुंडाळून खेळणाऱ्याला स्कॉटलंडच्या व्यावसायिक खेळाडूंपुढे कसे उभे करावयाचे? तरीही त्याची परीक्षा घेण्यात आली, आणि तो उत्तीर्ण झाला. क्लबच्या माणसाने स्वतः खाली बसून त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्या. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी करणाऱ्या आम्हांला हे दृश्य विशेष भावते. सलीम दोन सामने खेळला. प्रेक्षकांनी त्याच्या कौशल्याला दाद दिली, वर्तमानपत्रांनी कौतुक केले. क्लबला तो हवा होता.

सलीम मात्र राहिला नाही. त्याला घराची ओढ लागली आणि काही महिन्यांतच तो परतला. खेळाने त्याला मान दिला, ओळखी दिल्या. मायदेशाची जागा मात्र खेळ भरून काढू शकला नाही. हेही ध्यानात ठेवावयास हवे. मैदान हे औषध आहे, चमत्कार नव्हे. परदेशी गेलेला आपला मुलगा टाळ्यांच्या गजरातही एकटा असू शकतो. म्हणून आईने तो प्रश्न विचारणे सोडू नये.

आपल्यासाठी

आखाती देशांत सुट्टीच्या सकाळी मोकळ्या जागेवर आपली मुले आपसांत क्रिकेट खेळतात. त्यात वाईट काही नाही. परक्या मुलखात आपली बोली कानी पडणे हाही एक आधार असतो. हायबर्नियनचा आरंभ तसाच झाला. परंतु आपल्या माणसांचा संघ हा उंबरठा आहे. त्यावरच बसून राहिले तर ना घर, ना अंगण. कॅनडात गेलेल्याने बर्फावरची हॉकी पाहावी, तिचे नियम विचारावेत, जमल्यास घसरून पडावे आणि हसावे. नियम विचारणे ही मैत्रीची उत्तम सुरुवात आहे, कारण आपला खेळ दुसऱ्याला समजावून सांगणे कोणाला आवडत नाही? हरण्याची लाज बाळगू नये. काउगेटची मुले पहिला सामना हरली होती.

या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अधिक अवघड आहे. आपण काही सदैव पाहुणेच नसतो. आपल्या गावांच्या वेशीवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. दूरच्या प्रांतांतून माणसे कामासाठी आली आहेत. त्यांची मुले संध्याकाळी चर्चच्या मैदानाच्या कडेला उभी राहून आपल्या मुलांचा खेळ पाहत असतात. आपल्या धर्मग्रामांच्या स्पर्धांच्या नियमावल्या कधी तरी या दृष्टीने वाचून पाहाव्यात. मुलांचे आचरण सांभाळण्यासाठी घातलेला नियम कोठे दाराची कडी तर होऊन बसला नाही ना? तेथे आपण हार्ट ऑफ मिडलोथियनच्या जागी आहोत. त्या नाताळच्या दिवशी ते तरुण मेडोजवर आले नसते, तर हा सारा इतिहास घडलाच नसता.

परक्याचा पाहुणचार करण्याची शिकवण आपल्याला प्रभूने दिलेली आहे. त्यासाठी दर वेळी भरलेले ताटच लागते असे नाही. “येतोस का खेळायला?” एवढे तीन शब्दही पुरतात. ते आपल्या मुलाला परदेशात ऐकावयास मिळावेत असे वाटत असेल, तर त्याने ते येथे, आपल्या मैदानावर, कोणाला तरी म्हणावयास शिकले पाहिजे.